घर गहाण ठेवणारे प्राचार्य आणि पदक आणणारा विद्यार्थी





आपल्या वार्तापत्राच्या प्रत्येक अंकात आम्ही एका थोर व्यक्तीची जीवनकथा देत असतो. आतापर्यंत संत झाले, समाजसुधारक झाले, शास्त्रज्ञ झाले. या वेळी आम्ही एका पहिलवानाची कथा निवडली आहे. काही पालकांना आश्चर्य वाटेल, की शाळेच्या वार्तापत्रात पहिलवानाचे काय काम? आमची विनंती आहे की आधी कथा पूर्ण वाचावी. ही कथा जितकी एका मल्लाची आहे तितकीच एका शाळेची, एका कॉलेजची आणि एका प्राचार्यांची आहे. आम्ही स्वतः त्याच खुर्चीवर बसत असल्यामुळे ती लिहिताना आम्हाला थोडा संकोचही वाटला. तो का, हे शेवटी सांगू.

त्या मल्लाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा खेळाडू. साल १९५२, ठिकाण फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी.

मुलांनो, १९५२ साली आपले मोहगाव कोणत्या राज्यात होते, ठाऊक आहे का? तेव्हाही मध्यप्रदेशातच होते. परंतु त्या जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. १९५६ साली राज्यांची नवी रचना झाली, नागपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. आपली भाषा मात्र आपल्याबरोबर राहिली. म्हणून खाशाबांचे गाव येथून पुष्कळ दूर असले तरी त्यांची कथा आपल्याला परकी नाही. त्यांच्या गावात ज्या भाषेत शाबासकी दिली जात होती, त्याच भाषेत आपल्या घरीही दिली जाते.

बालपण आणि शाळा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात गोळेश्वर या लहान गावी झाला. कराड म्हणजे कृष्णा आणि कोयना या दोन नद्यांच्या संगमावरचे गाव. गोळेश्वर त्याच्या अगदी जवळ. घर शेतकऱ्याचे. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान होते. पाच भावांमध्ये खाशाबा सर्वांत धाकटे. मुलगा पाच वर्षांचा झाला आणि वडिलांनी त्याला तालमीच्या मातीत उतरवले. ज्या वयात आपण मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल देतो त्या वयात त्याला पाटीबरोबर लंगोटही मिळाला.

त्यांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खाशाबा फक्त कुस्तीच करत नव्हते. धावणे, पोहणे, वजन उचलणे, हातोडाफेक असे कितीतरी खेळ ते खेळत. धावण्याने दम वाढतो, पोहण्याने खांदे मोकळे होतात, वजन उचलण्याने कंबर आणि पाय मजबूत होतात. ही सर्व शिदोरी पुढे कुस्तीत कामी आली. आजकाल पाचवीतल्याच मुलाला एका खेळाचा शिक्का मारण्याची घाई होते. तसे त्यांच्या बाबतीत झाले नाही.

तो काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. १९४२ च्या चले जाव आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप व पत्रके पोहोचवणे अशी कामे विद्यार्थी खाशाबांनी केली. पोलिसांची नजर चुकवून निरोप नेणारा हा मुलगा पुढे स्वतः पोलीस अधिकारी झाला, हाही नियतीचा एक खेळच म्हणावा.

कॉलेजच्या मैदानावर

शाळा संपवून खाशाबा कोल्हापूरला राजाराम कॉलेजमध्ये दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे तालमींना आश्रय दिला, खासबागसारखे भव्य कुस्ती मैदान बांधले. अशा शहरात धिप्पाड पहिलवानांची काय कमी! आणि खाशाबा तर अंगाने किरकोळ, उंचीने जेमतेम साडेपाच फूट. पाहणाऱ्याला पहिलवान वाटूच नयेत.

१९४८ साली कॉलेजचे वार्षिक क्रीडा संमेलन आले. खाशाबांनी कुस्तीसाठी नाव द्यायला गेले तर क्रीडाशिक्षकांनी त्यांचे शरीर पाहून नाव घेण्यास नकार दिला. शिक्षकांचा हेतू वाईट असेल असे आम्ही म्हणणार नाही. लहान चणीच्या मुलाला इजा होऊ नये असेही त्यांना वाटले असेल. परंतु खाशाबा घरी परतले नाहीत. ते सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी या विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि स्पर्धेत उतरण्याची परवानगी दिली. मग त्या किरकोळ मुलाने आपल्यापेक्षा भारी दिसणाऱ्यांना एकामागून एक चीत केले आणि स्पर्धा जिंकली.

विचार करा, त्या दिवशी प्राचार्यांनी फाइलमधून डोके वर न काढता उद्या या असे सांगितले असते तर? किंवा शिक्षकाचा शब्द मोडायला नको म्हणून गप्प बसले असते तर? देशाच्या पदकाची वाट त्या कचेरीच्या दारातूनच गेली होती.

मातीवरून गादीवर

त्याच वर्षी खाशाबांनी राष्ट्रीय पातळीवर बंगालचे नामवंत मल्ल निरंजन दास यांना हरवले आणि लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

लंडनला गेल्यावर मोठी अडचण उभी राहिली. खाशाबांची सारी कुस्ती मातीतली. लंडनमध्ये मात्र कुस्ती गादीवर, म्हणजे मॅटवर होती. मुलांनो, हा फरक लहान नाही. लाल मातीत पाय रुततो, अंगाला माती चोळली की पकड घट्ट बसते, आणि निकाल एकच असतो, ज्याची पाठ लागली तो हरला. त्याला कितीही वेळ लागो. गादीवर पायाची ठेवण वेगळी, पडणे वेगळे, वेळ ठरलेली. त्या वेळेत पाठ लागली नाही तर पंच ठरवतात की कोण वरचढ होता. म्हणजे नाव कुस्तीच, पण खेळ जवळजवळ दुसराच. मराठी शाळेतून निघून हिंदी माध्यमाच्या कॉलेजात बसणाऱ्या मुलाची जी गत होते, तशीच काहीशी. हे आम्ही अनुभवाने सांगतो. विषय ठाऊक असतो, पण उत्तर द्यायची भाषा बदललेली असते.

अशा अनोळखी गादीवर बावीस वर्षांच्या खाशाबांनी फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो वजनगटात सहावा क्रमांक मिळवला. तेथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. सहावा क्रमांक म्हणजे पदक नाही. कोणी त्यावरच समाधान मानले असते. खाशाबा मात्र परत येऊन पुढच्या चार वर्षांच्या तयारीला लागले. मातीत मिळवलेले बळ आणि गादीवर शिकलेली चपळाई यांचा त्यांनी मेळ घातला. वजनगटही वाढवून बँटमवेट, म्हणजे ५७ किलोचा केला.

सात हजार रुपये

१९५२ च्या निवडीच्या वेळी पुन्हा अडथळा आला. मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला एका गुणाने मागे टाकून अन्याय झाला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावून दिली. समोर होते तेच निरंजन दास. खाशाबांनी त्यांना चीत केले आणि निवड पक्की झाली.

आता प्रश्न उरला पैशाचा. आज खेळाडू देशातर्फे गेला तर त्याचा खर्च सरकार आणि क्रीडा संघटना करतात. तेव्हा तसे नव्हते. खेळाडूनेच रक्कम उभी करायची. खाशाबांनी सरकारदरबारी मदत मागितली, पण हवी तेव्हा ती हाती आली नाही. मग हा शेतकऱ्याचा मुलगा दारोदारी फिरला. गोळेश्वरच्या व आसपासच्या गावकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. तरीही मोठी रक्कम कमी पडत होती.

अशा वेळी पुढे आले तेच प्राचार्य खर्डेकर. त्यांनी आपले राहते घर बँकेकडे गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे करून आपल्या विद्यार्थ्याला दिले.

आम्ही हे वाक्य लिहून काही वेळ थांबलो. सात हजार रुपये ही त्या काळी फार मोठी रक्कम होती. आणि घर गहाण ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. येथे कापूस बुडाला, संत्र्याला भाव मिळाला नाही की कागदावर अंगठा उठवण्याची पाळी कितीतरी घरांवर आलेली आहे. ती पाळी माणूस मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी सोसतो. कोणी दुसऱ्याच्या मुलाच्या कुस्तीसाठी सोसल्याचे आपण ऐकले आहे का? पदक मिळेलच याची काही हमी नव्हती. मागच्या वेळी तर सहावाच क्रमांक आला होता.

हेलसिंकी

जुलै १९५२. हेलसिंकीच्या गादीवर खाशाबा उतरले. कॅनडा आणि मेक्सिको या देशांच्या मल्लांना त्यांनी हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची चुरशीची लढत झाली व तीत ते हरले. त्यानंतर विश्रांतीला पुरेसा वेळ न देताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढण्यास बोलावले गेले. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती देण्याचा नियम होता, परंतु त्यावर बोट ठेवून भांडायला भारताचा कोणी अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता, असे सांगतात. दमलेले खाशाबा ती लढत हरले. इशींना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले.

त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. हॉकीच्या जल्लोषात त्या कांस्यपदकाचे मोल देशाला लवकर उमगले नाही. ते किती मोठे होते हे काळाने दाखवले. त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळण्यासाठी १९९६ साल उजाडावे लागले, जेव्हा लिएंडर पेस यांनी अटलांटा येथे टेनिसमध्ये कांस्य जिंकले. म्हणजे पूर्ण ४४ वर्षे! आणि कुस्तीतले पुढचे पदक सुशील कुमार यांनी २००८ साली बीजिंगला आणले, तब्बल ५६ वर्षांनी.

देश विसरला तरी गाव विसरले नव्हते. खाशाबा परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्या घेऊन लोक त्यांच्या स्वागताला आले. ढोल, लेझीम, गुलाल. काही मिनिटांची वाट, पण मिरवणुकीला कित्येक तास लागले. आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी सजलेल्या बैलांची रांग पाहिलेल्या मुलांना ते दृश्य डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही.

मिरवणूक झाली, हार सुकले. खाशाबांना मात्र एक गोष्ट टोचत होती, गुरूंचे गहाण घर. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, आणि त्या मिळकतीतून पैसे परत करून प्राचार्यांचे घर सोडवले. पदकाची गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला ही गोष्ट पदकाच्या तोडीची वाटते.

पोटाचा प्रश्न

खेळाडूच्या पोटाचा प्रश्न जगभर सारखाच आहे. अमेरिकेत त्याच सुमारास ब्रॉन्को नागुर्स्की नावाचे प्रसिद्ध फुटबॉल खेळाडू होऊन गेले. तेथील फुटबॉल आपल्यापेक्षा वेगळा, चेंडू हातात घेऊन पळण्याचा. शिकागोच्या संघाकडून खेळणाऱ्या या बलदंड माणसाने १९३७ साली पगाराच्या वादातून फुटबॉल सोडला आणि तिकीट लावून होणाऱ्या व्यावसायिक कुस्तीकडे ते पूर्णपणे वळले. उतारवयात आपल्या गावी त्यांनी पेट्रोल पंप चालवला. म्हणजे श्रीमंत देशातला नामवंत खेळाडूसुद्धा पोटासाठी मैदान बदलतो.

खाशाबांनी नोकरीचा मार्ग धरला. १९५५ साली ते मुंबईच्या पोलीस दलात फौजदार म्हणून भरती झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याला दुखापत झाली आणि तिसऱ्या ऑलिंपिकचे स्वप्न तेथेच संपले. पुढे पोलिसांच्या क्रीडा स्पर्धांत ते चमकले, तरुणांना त्यांनी कुस्ती शिकवली. परंतु बढतीसाठी त्यांना फार वर्षे वाट पाहावी लागली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत मशाल घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला, एवढेच काय ते देशाने त्यांच्या हयातीत केलेले कौतुक.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता.

पुरस्कार आले ते त्यानंतर. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर, केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार २००१ साली, तोही मरणोत्तर. २०१० साली दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या हातांनी ते हार स्वीकारायचे ते हात तोपर्यंत राहिले नव्हते.

आमचे थोडेसे

आता सुरुवातीला ज्या संकोचाचा उल्लेख केला त्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी, आम्ही प्राचार्य नव्हतो, दुसऱ्या एका गावच्या शाळेत शिक्षक होतो. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेसाठी मुलांची यादी करायची होती. एक बारीक अंगाचा मुलगा रोज येऊन आपले नाव घ्या म्हणत होता. आम्ही त्याच्या दंडाकडे पाहिले, हसलो आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितले. पुढच्या वर्षी तो आला नाही. पुढे तो मैदानावरही फारसा दिसला नाही. तो खाशाबा झाला असता असा आमचा दावा नाही. परंतु तो काय झाला असता हे पाहण्याची संधी आम्ही त्याला दिली नाही, इतके खरे. खाशाबांच्या कथेत क्रीडाशिक्षक आहेत आणि प्राचार्य आहेत. त्या दिवशी आम्ही कोणाच्या जागी उभे होतो, ते सांगण्याची गरज नाही.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. नववी-दहावीचा खेळाचा तास काढून तेथे गणिताचा जादा तास घ्यावा, अशी सूचना काही पालकांकडून आली आहे आणि ती विश्वस्त मंडळापुढे येणार आहे. पालकांची काळजी आम्ही समजतो. बोर्डाच्या परीक्षेचे गुण महत्त्वाचे आहेत, आणि आम्ही स्वतः गणित शिकवून केस पांढरे केले आहेत. जादा तास आम्ही शाळा सुटल्यावर घेऊ, लागल्यास रविवारीही घेऊ. त्यासाठी खेळाचा तास मागू नये, ही नम्र विनंती.

विश्वस्त मंडळींना आम्ही घर गहाण ठेवण्यास सांगत नाही. आठवड्यातले ते दोन तास आहेत तसे राहू द्यावेत, आणि मैदानाच्या कोपऱ्यात मातीचा एक लहान आखाडा करून द्यावा, एवढेच मागणे आहे. माती आपल्या गावातलीच मिळेल. खणायला आम्ही आणि मुले आहोतच.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी. यादीत नाव आले नाही तर घरी जाऊन रुसू नका. आमच्या कचेरीचे दार उघडे असते. सरळ आत या आणि सांगा, सर, मला खेळायचे आहे. तुमच्या दंडाकडे आम्ही पाहणार नाही, हा आमचा शब्द आहे.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य